टर्की वारंवार कुंपणाबाहेर जातात : कारण कसे ओळखावे आणि बंदोबस्त कसा करावा

परसात टर्की पाळणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. चार फुटांचे कुंपण सहा फुटांचे केले, जाळीवर बराच खर्च केला, तरीही दिवेलागणीला दोन-तीन पक्षी शेजारच्या आंब्यावर किंवा गोठ्याच्या पत्र्यावर चढलेले दिसतात आणि सकाळी तेच पक्षी कुंपणाच्या बाहेरून येरझारा घालत आत येण्याची वाट शोधत असतात. अशा वेळी आणखी उंच जाळी लावावी असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु बहुतेक आवारांत उंची हा मूळ प्रश्न नसतो. टर्की उगाच बाहेर जात नाही. तिला रात्रीसाठी उंच जागा हवी असते, अंडी घालायला आडोसा हवा असतो, दांडग्या नरापासून सुटका हवी असते, नाहीतर ती कशाला तरी बिचकलेली असते. पक्षी कोणत्या वेळी आणि नेमक्या कोणत्या ठिकाणाहून बाहेर पडतो हे पाहिले, की यांपैकी कारण कोणते ते बहुधा उलगडते. म्हणून जाळी विकत आणण्याआधी काही दिवस निव्वळ निरीक्षणाला द्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढील मजकूर मुख्यतः दक्षिण कोकण आणि गोवा येथील आवारे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. चिऱ्यांचे गडगे (दगडी आवारभिंती), घराला लागून असलेली आंबा-फणसाची झाडे आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे येथील अडचणी घाटमाथ्यावरील मोकळ्या माळापेक्षा वेगळ्या असतात.

आधी आपल्याकडील पक्षी कोणत्या जातीचे आहेत हे लक्षात घ्यावे. मांसासाठी वाढवलेले रुंद छातीचे पांढरे टर्की पूर्ण वाढल्यावर इतके जड होतात की त्यांना तीन-चार फुटांच्या वर स्वतःला उचलता येत नाही, आणि त्यांच्यासाठी साधे कुंपणही पुरेसे ठरते. याउलट बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट, आपल्याकडील काळे देशी टर्की, किंवा या दोहोंच्या संकरातून तामिळनाडूत तयार झालेली नंदनम टर्की-1 ही अंगाने हलकी असून सहा फुटांची जाळी सहज ओलांडतात. ब्रॉन्झ रंगाच्या पक्ष्यांत दोन्ही प्रकार आढळतात. माद्या नरांपेक्षा बऱ्याच हलक्या असल्यामुळे एकाच कळपात नर आत राहतात आणि माद्या बाहेर जातात असेही पुष्कळदा घडते. जड जातीची पिल्लेदेखील वजन भरेपर्यंत उत्तम उडतात. जेमतेम दोन आठवड्यांचे पिल्लू खोक्याच्या काठावर उडून बसते, तेव्हा मोठेपणी उडणार नाहीत म्हणून लहानपणी निर्धास्त राहणे चुकीचे आहे.

निरीक्षणासाठी दोन साध्या गोष्टी पुरतात. पहिली म्हणजे चुलीतील चाळलेली राख. कुंपणाच्या आतल्या बाजूने जमिनीवर, फाटकाच्या चौकटीपाशी आणि गडग्याच्या माथ्यावर राखेचा पातळ थर पसरून ठेवला, तर तीन बोटे पुढे आणि एक लहानसे मागे असा टर्कीचा मोठा ठसा दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतो. ठसे जाळीच्या खालून गेले असतील तर पक्षी उडत नसून फटीतून जात आहे, आणि ते गडग्याच्या माथ्यावर असतील तर त्याने गडग्याचा पायरीसारखा उपयोग केलेला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पायांतील रंगीत कड्या. कळपातील सगळेच पक्षी बाहेर जात असले, तरी सुरुवात एखादा-दुसराच करतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. तो पक्षी ओळखू आला, तर अर्धे काम तेथेच होते.

उडण्यापूर्वी टर्की काय करते हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. ती कुंपणापासून थोडी मागे उभी राहते, मान ताठ वर काढते, आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याने वरच्या कडेकडे पाहते, पायांत किंचित खाली बसते आणि मग एकदम झेप घेते. बहुधा ती कुंपण एका दमात ओलांडत नाही. आधी कुंपणाच्या वरच्या कडेवर उतरते, तोल सावरते आणि मग पलीकडे उडी टाकते. उपाय ठरवताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

आता वेळेविषयी. सर्वांत जास्त पक्षी बाहेर जातात ते तिन्हीसांजेला, आणि त्याचे कारण या पक्ष्याच्या मूळ स्वभावात आहे. टर्कीचे रानटी पूर्वज उत्तर अमेरिकेतील जंगलांत आजही रात्री झाडावर बसतात. हा पक्षी आपल्या बाजूला येऊनही चारशे वर्षे उलटली. मुकर्रबखान या मोगल सरदाराने गोव्याहून आणलेला टर्की 1612 साली जहांगीर बादशहाने पाहिला आणि मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. इतक्या पिढ्या माणसाच्या आश्रयाने राहूनही रात्र पडण्याआधी उंच चढण्याची त्याची ओढ कमी झालेली नाही. टर्कीची दृष्टी दिवसा अत्यंत तीक्ष्ण असते, पण अंधारात तिला फारसे दिसत नाही. म्हणून उजेड आहे तोवर आवारातील सर्वांत उंच जागा गाठण्याची तिची घाई असते. ही सर्वांत उंच जागा कुंपणाबाहेर असेल, तर ती बाहेर जाणार हे धरूनच चालावे.

यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे कुंपणाच्या आत, छपराखाली, तिला पसंत पडेल अशी बसायची जागा करून देणे. कोंबड्यांच्या खुराड्यातील अंगठ्याएवढी काठी टर्कीला चालत नाही. पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा, साल काढलेला, न हलणारा वासा घ्यावा आणि मध्यम आकाराच्या प्रत्येक पक्ष्यामागे सुमारे 45 सेंटिमीटर लांबी धरावी. हलक्या जातींसाठी हा वासा जमिनीपासून चार ते पाच फुटांवर ठेवता येतो. जड जातींसाठी तो दीड-दोन फुटांच्या वर नेऊ नये, कारण खाली उडी मारताना त्यांच्या पायांना आणि तळव्यांना इजा होते आणि तळव्याची जखम पुढे गाठ धरून बरी होत नाही. सर्व वासे एकाच उंचीवर असावेत. चढत्या पायऱ्यांसारखे लावले, तर वरच्या वाशासाठी रोज भांडणे होतात आणि हरलेला पक्षी पुन्हा झाडाची वाट धरतो. वर पत्रा किंवा कौले, तीन बाजूंना जाळी आणि पावसाळी वाऱ्याच्या बाजूला आडोसा एवढे असले म्हणजे झाले. पूर्ण बंद, अंधाऱ्या आणि कोंदट खोलीत टर्की आपण होऊन जात नाहीत. रात्रीच्या निवाऱ्यासाठी प्रत्येक मोठ्या पक्ष्यामागे तीन ते चार चौरस फूट जागा धरण्याचा प्रघात आहे. मला स्वतःला त्यापेक्षा थोडी अधिक जागा ठेवलेली बरी वाटते, कारण दाटी झाली की सर्वांत भित्रा पक्षी बाहेरच राहतो.

उघड्यावर, कुंपणाला लागून उंच मचाण बांधणे मात्र टाळावे. त्याने पक्षी आत राहत नाही, उलट त्याला उडी घेण्यासाठी आयती जागा मिळते. बसायची जागा एकतर छपराखाली असावी किंवा कुंपणापासून निदान दहा-बारा फूट आत असावी.

जागा तयार झाली तरी सवय लागायला वेळ द्यावा लागतो. दिवसभराच्या खाद्यातील सर्वांत आवडता भाग, म्हणजे कणी, बाजरी किंवा भिजवलेला मका, संध्याकाळसाठी राखून ठेवावा आणि सूर्यास्तापूर्वी सुमारे तासभर तो निवाऱ्याच्या आतच टाकावा. रोज एकच हाक किंवा डब्याचा एकच आवाज ठेवावा. पक्षी आत गेले की दार लावून घ्यावे आणि सकाळी ऊन पडल्यावरच उघडावे. घड्याळाची वेळ पाळण्यापेक्षा उजेडाकडे पाहावे, कारण कोकणात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जून-जुलैमध्ये सव्वासात होतात. वर्षभर साडेसहाचा नेम ठेवणाऱ्याकडे हिवाळ्यात पक्षी आधीच झाडावर गेलेले असतात. साधारण दोन-तीन आठवडे एकही दिवस न चुकवता हा क्रम ठेवला, तर बहुतेक कळप आपण होऊन आत येऊ लागतो. मध्ये दोन दिवसांचा जरी खंड पडला, तरी पुढारी पक्षी पुन्हा जुन्या फांदीवर जातो आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

याबरोबरच बाहेरची आमिषे दूर करावीत. कुंपणावर आलेल्या फांद्या छाटाव्यात. कुंपणाला टेकून रचलेला लाकूडफाटा, गवताची उडवी, पंपाची खोपी, उलटी ठेवलेली पिंपे यांच्यामुळे सहा फुटांचे कुंपण टर्कीच्या दृष्टीने दोन-तीन फुटांचेच उरते. चिऱ्यांच्या गडग्याचे तसेच आहे. गडगा तीन फूट उंच आणि माथ्याला रुंद असतो, म्हणून त्यावर बांधलेली तीन फुटांची जाळी ही सहा फुटांची जाळी नव्हे. गडग्यावर उभ्या असलेल्या पक्ष्याला ती तीनच फुटांची असते. जाळी गडग्याच्या माथ्यावर न लावता गडग्याच्या आतल्या बाजूने, जमिनीपासून सरळ वर न्यावी, म्हणजे गडग्यावर पाय ठेवायला जागाच मिळत नाही.

कुंपणाच्या वरच्या कडेला बांबू, पाइप किंवा लाकडी पट्टी आडवी बांधण्याची आपल्याकडे पद्धत आहे. जाळी ताठ राहते हे खरे, पण उतरायला भक्कम जागाही तीच देते. ती पट्टी काढून टाकावी आणि जाळीची वरची फूट-दीड फुटांची कड सैल, आतल्या बाजूला किंचित झुकलेली ठेवावी. वर नायलॉनच्या मऊ जाळीची पट्टी जोडली तरी चालते. पाय ठेवताच हलणाऱ्या कडेवर टर्की सहसा उतरत नाही, आणि दिसायला स्पष्ट अशी कड नसेल तर झेपेचा अंदाज घेणेही तिला कठीण जाते. एवढा बदल केल्यावर पाच-सहा फुटांची जाळी मध्यम आकाराच्या बहुतेक पक्ष्यांना पुरते.

बाहेर जाणारी फक्त मादी असेल, तीही दुपारच्या सुमारास आणि दोन-तीन तासांनी आपण होऊन परतत असेल, तर ती अंडी घालायला जाते असे समजावे. माद्या साधारण तिसाव्या आठवड्याच्या पुढे अंड्यावर येतात आणि टर्कीची बहुतेक अंडी दुपारनंतर घातली जातात. मादीला जमिनीवरचा, पाठीमागून झाकलेला, वर्दळीपासून दूरचा कोपरा हवा असतो. तो आत मिळाला नाही, तर ती करवंदीच्या झुडपात किंवा काजूच्या पालापाचोळ्यात घरटे करते आणि पुढे खुडूक होऊन तेथेच बसते. उबवणी 28 दिवसांची असल्यामुळे इतका काळ मुंगूस, कोल्हा आणि भटकी कुत्री यांच्यापासून ती वाचणे अवघड असते. निवाऱ्याच्या शांत कोपऱ्यात सुमारे दोन फूट लांब-रुंद खोकी किंवा आडवी पिंपे ठेवून आत पेंढा घालावा, समोर नारळाच्या झावळ्या तिरक्या उभ्या कराव्यात आणि एक-दोन खोटी अंडी ठेवून द्यावीत. बाहेरचे घरटे सापडले तर त्यातील अंडी उचलून आतल्या खोक्यात ठेवावीत आणि बाहेरची जागा मोकळी करून टाकावी. हंगामात माद्यांना दुपार उलटेपर्यंत आतच ठेवले, तर हा प्रश्न लवकर सुटतो.

दिवसा कोणत्याही वेळी, धावपळीनंतर एखादा पक्षी बाहेर दिसत असेल तर नरांकडे पाहावे. पाच माद्यांमागे एक नर हे प्रमाण मध्यम जातींना ठीक असते. त्यापेक्षा नर जास्त झाले की दुबळ्या नराचा सतत पाठलाग होतो, माद्यांच्या पाठीची पिसे झडतात, आणि कोपऱ्यात सापडलेला पक्षी कुंपणावर झेप घेतो. येथे जाळीचा काही दोष नाही. जास्तीचे नर वेगळे करणे किंवा विकणे हाच उपाय आहे, आणि तोवर आवारात मध्ये-मध्ये झावळ्यांचे आडोसे उभे केल्यास पळणाऱ्याला नजरेआड होता येते. कुत्र्यांमुळे किंवा दिवाळी-गणपतीतील फटाक्यांमुळे बिचकून उडणारे पक्षीही असतात. त्यांच्यासाठी कुंपणाचा खालचा तीन फुटांचा भाग हिरव्या शेडनेटने झाकावा, म्हणजे बाहेरचे कुत्रे दिसत नाही, आणि फटाक्यांच्या दिवसांत त्यांना लवकर आत घ्यावे.

पिल्लांचे निराळे आहे. ती खालून जातात. कुंपणाचा खालचा दोन फुटांचा भाग बारीक, अर्ध्या इंचाच्या जाळीचा असावा आणि ती जाळी वीतभर जमिनीत पुरावी, म्हणजे मुंगसालाही आत येता येत नाही. फाटकाखालची फट सर्वांच्या नजरेतून सुटते, म्हणून तेथे उंबरठ्यासारखे लाकूड ठोकावे.

पंखांची पिसे कापण्याचा उपाय लोक सर्वांत आधी करतात. मी तो मुद्दाम नंतर सांगत आहे. बसायची जागा नसताना पिसे कापली, तर पक्षी उडत नाही पण ओंडक्यावरून, गडग्यावरून चढत मार्ग काढतोच, आणि बाहेर गेल्यावर कुत्र्यापासून उडून जीव वाचवण्याची त्याची शक्ती मात्र गेलेली असते. बिबट्या किंवा कुत्र्यांचा वावर असलेल्या वाडीत हे ध्यानात ठेवावे. तरीही सगळे करूनही न ऐकणाऱ्या एखाद्या पुढारी पक्ष्याच्या बाबतीत हा उपाय योग्य आहे आणि नीट केल्यास त्याला वेदना होत नाहीत.

हे काम दोघांनी, शक्यतो रात्री पक्षी शांत असताना करावे. एकाने दोन्ही पंख अंगाशी दाबून पक्षी कुशीत घ्यावा आणि पाय धरावेत. टर्कीच्या पंखाचा तडाखा जोरदार असतो, त्यामुळे लहान मुलांना जवळ उभे करू नये. दुसऱ्याने एकच पंख उलगडून टोकाकडील दहा लांब पिसे पाहावीत. त्यांच्या मुळाशी आखूड पिसांची जी ओळ असते, तिच्या कडेच्या थोडे बाहेर धारदार कात्रीने ही लांब पिसे कापावीत. कापण्याआधी प्रत्येक पिसाची दांडी उजेडात धरून पाहावी. दांडी पांढरट आणि पोकळ दिसली तर ते पीस पक्व आहे. ती निळसर-काळपट आणि भरीव दिसली, तर ते पीस अजून वाढत आहे आणि त्यात रक्त आहे. त्याला हात लावू नये. चुकून असे पीस कापले गेले, तर कापलेल्या टोकावर तुरटीची पूड लावून कापसाने घट्ट दाबून धरावे, आणि रक्त थांबले नाही तर पशुवैद्यकांकडे न्यावे. दोन्ही पंख कापू नयेत, कारण एका बाजूचा तोल गेल्यामुळेच उड्डाण फसते. अंड्यांचा हंगाम संपल्यावर पिसे झडून नवी येतात, तेव्हा पुन्हा तपासावे लागते. वाढत्या पिल्लांची पिसे तर काही आठवड्यांतच बदलतात. पंखाचे टोकच छाटून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ती कायमची इजा आहे आणि परसातील पाळणुकीत तिची काहीही गरज नाही.

आवार लहान असेल, तर वरून जाळी घालणे हा पक्का उपाय आहे. किनाऱ्यालगतच्या गावांत मासेमारीची जुनी जाळी स्वस्तात मिळतात आणि ती टिकाऊही असतात, मात्र मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या भोकांच्या, जाळ्यात टर्कीची मान आणि नराच्या पायाचे आर (मागचे टोकदार काटे) अडकतात, म्हणून दोन इंचांपेक्षा लहान आसाचेच जाळे घ्यावे. मध्यभागी उंच खांब देऊन जाळे चारी बाजूंना उतरते ठेवावे, नाहीतर पावसाळ्यात पालापाचोळा साचून ते पोटात येते आणि पहिल्या वादळाला फाटते. बांबूच्या खांबांचा जमिनीतला भाग डांबर लावून पुरावा, तरीही दर पावसाळ्यानंतर तो हलवून पाहावा, कारण वाळवीने आतून खाल्लेला खांब बाहेरून धडधाकट दिसतो.

कुंपणात घरातील वीज सोडण्याचा विचार कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये. त्यात माणसे आणि गुरे मरतात आणि तो गुन्हा आहे. रानडुकरांसाठी वापरले जाणारे झटका यंत्राचे सौर कुंपण ही वेगळी गोष्ट असून ते जाणकाराकडूनच बसवून घ्यावे. उडून जाणाऱ्या पक्ष्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

पक्षी बाहेर गेलाच, तर त्याच्या मागे धावू नये. पाठलाग झालेला पक्षी आणखी दूर जातो आणि आतले पक्षीही बिथरतात. टर्कीला कळपाची ओढ असते, म्हणून फाटक उघडे ठेवून आत खाद्याचा डबा वाजवावा आणि दोन्ही हातांत लांब बांबू आडवे धरून, मागून अगदी सावकाश चालत त्याला फाटकाकडे वळवावे. तो कुंपणाला लागून एकाच जागी येरझारा घालत असेल, तर तेथेच एक लहान दार करून ठेवणे पुढच्या वेळेसाठी सोयीचे ठरते. झाडावर चढला असेल, तर पूर्ण अंधार होऊ द्यावा. अंधारात तो जागेवरून हलत नाही. हात पोहोचण्याजोग्या फांदीवर असेल तर पंखांसकट धरून खाली घेता येतो.

परत आणलेला पक्षी शेजारच्या कोंबड्यांत मिसळून आला असेल, तर पुढचे काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे. कोंबड्यांच्या आतड्यातील कृमींच्या अंड्यांतून आणि ती खाल्लेल्या गांडुळांतून ब्लॅकहेड हा रोग टर्कीला होतो. कोंबड्या त्यात सहसा तगतात, पण टर्की दगावतात. पक्षी पिसे फुगवून सुस्त बसला, त्याने खाणे सोडले आणि विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसली, तर त्याला त्याच दिवशी कळपातून वेगळे करून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.